स्वतःच्या कॅमेऱ्याचा मजूर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी ऊसतोड कामगारांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ते साहजिक आहे. बीड जिल्ह्यातला कामगार कार्यकर्ता म्हटला की कोयता, मुकादम आणि उचल या तीन शब्दांपलीकडे तो काय बोलणार, असे कोणालाही वाटेल. तो विषय संपला, असे मी म्हणत नाही. परंतु त्यावर माझ्याहून अधिक अधिकाराची माणसे या जिल्ह्यात बोलून गेली आहेत. आज मी अशा एका कामगाराविषयी बोलणार आहे की ज्याचे काम आपण रोज रात्री जेवताना पाहता, पण ज्याला आपण कामगार समजत नाही. आणि गंमत अशी की तो स्वतःही स्वतःला कामगार समजत नाही. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांसाठी सुट्या कामावर कॅमेरा चालवणारा माणूस, तो हा.

धंद्यात त्याला 'स्ट्रिंगर' म्हणतात. जुन्या काळी विलायतेतल्या वर्तमानपत्रांत बाहेरगावच्या बातमीदाराचा मजकूर किती इंच छापून आला ते दोरीने मोजत आणि त्या मापाने पैसे देत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. दोरी गेली, मोजणे राहिले. चित्र पडद्यावर लागले तर पैसे, नाही लागले तर नाही. मुंबईत मालिका आणि क्रिकेटचे सामने चित्रित करणारा जो कॅमेरामन असतो तो दिवसाच्या बोलीवर जातो. त्याची निदान पाळी ठरलेली असते, आणि चित्रपट व्यवसायातल्या कामगारांचे फेडरेशन १९५६ सालापासून तिथे उभे आहे. जिल्ह्याच्या गावातल्या या माणसाला दिवसही नाही आणि पाळीही नाही. मी बोलणार आहे तो त्याच्याबद्दल.

त्याला इंग्रजीत 'फ्रीलान्स' म्हणतात. आपली तरुण मुले हा शब्द मोठ्या ऐटीने सांगतात. मुक्त! कोणाचा नोकर नाही! मी त्यांना विचारतो, शिलेदार आणि बारगीर यांतला फरक शाळेत शिकलास का? मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारचा असे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. घोडा पडला तर नुकसान शिलेदाराचे. म्हणून त्याला मोबदलाही बारगिरापेक्षा जास्त मिळे. हिशेब सरळ होता. आमचा हा कॅमेऱ्याचा शिलेदार घोडा स्वतःचा आणतो, दाणावैरण स्वतःची करतो, घोडा पडला तर रडतोही स्वतःच. आणि त्याला मिळते ते मात्र बारगिराहून कमी. शिलेदारीचा मान आणि खोगीरभरतीचा दाम, अशी ही मुक्तता आहे.

हा धंदा आपल्याकडे नवा नाही, हे थोडे सांगतो, कारण पुढच्या हिशेबाला ते उपयोगी पडेल. आपल्या देशात चालत्या प्रसंगाचे चित्रण करणारा पहिला माणूस मराठीच होता. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधल्या एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, तो स्वागताचा प्रसंगही त्यांनी टिपला. बातमीचे चित्र म्हणतात ते आपल्याकडे तिथून सुरू झाले. सावेदादा कोणाचे नोकर नव्हते. कॅमेरा त्यांचा, फिल्म त्यांची, आणि खेळ लावून मिळालेले उत्पन्नही त्यांचे. जोखीम त्यांची होती, तसा नफाही त्यांचा होता. याला मी खरा मुक्त व्यवसाय म्हणतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढले. सिनेमा सुरू होण्यापूर्वी थिएटरात बातमीपट दाखवीत तो आपल्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. त्याचा कॅमेरामन पगारी. कॅमेरा सरकारचा, जोखीम सरकारची. दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोगादाखल सुरू झाली, आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. तिथेही मुख्य माणसे पगारी, भोवती थोडी हंगामी. हा झाला बारगिराचा काळ. १९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या, २००० साली ई टीव्ही मराठी आली, आणि २००७-०८ च्या सुमारास चोवीस तास मराठी बातम्या देणाऱ्या वाहिन्यांची रांग लागली. चोवीस तास भरायचे म्हणजे चित्र पाहिजे, आणि प्रत्येक जिल्ह्यात पगारी माणूस ठेवणे परवडत नाही. मग जिल्ह्याजिल्ह्यांत लग्नाचे शूटिंग करणारी, फोटो स्टुडिओ चालवणारी, कॉलेज सोडलेली जी हुशार मुले होती ती या कामात ओढली गेली. शिलेदार आला तो असा. सावेदादांची जोखीम त्याच्याकडे आली, नफा मात्र आला नाही.

सुरुवातीच्या काळात ही मुले चित्रण करून कॅसेट पाकिटात घालीत आणि औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एस.टी.च्या कंडक्टरजवळ देत. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर सगळा भरवसा एस.टी. आणि ट्रॅव्हल्सवर. गाडी चुकली की बातमी शिळी, आणि शिळ्या बातमीला दाम नाही. मग इंटरनेट आले, तेव्हा कॅफेत बसून दोन मिनिटांचे चित्र चढायला दोन तास लागत. कॅफेच्या तासाचे पैसे मुलाचेच. आता फोनवरून चित्र क्षणात जाते. आपणाला वाटेल, खर्च कमी झाला. खर्च कमी झाला तो वाहिनीचा. मुलाला आता 'अर्ध्या तासात पाठव' असे सांगता येते, आणि त्याने ते पाठवले नाही तर दुसरा कोणी तरी पाठवतोच.

आता त्याचा महिना कसा जातो ते पाहू. आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके. बीडहून आष्टीला जाऊन यायचे तर दिवस मोडतो; परळीचे तेच. सकाळी मुंबईहून फोन येतो की अमुक ठिकाणी रास्ता रोको आहे, बाइट आणि व्हिज्युअल पाहिजेत. मुलगा मोटारसायकल काढतो. पेट्रोल त्याचे. पाठीवर कॅमेरा, पुढे तिवई आणि वाहिनीचा बूम. तो बूम मात्र वाहिनीचा असतो बरे का. त्यावर त्यांचे नाव असते ना! तिथे जाऊन उन्हात दोन तास उभा राहतो, चित्र घेतो, झाडाखाली बसून कापाकापी करतो, पाठवतो. रात्री बातमीपत्रात ती बातमी लागली तर काही शे रुपये त्याच्या नावे मांडले जातात. दुपारी मुंबईत कोणा पुढाऱ्याने काही बोलून टाकले आणि दिवसभर तेच चालले, तर याची बातमी 'ड्रॉप' होते. ड्रॉप झाली म्हणजे केलेले काम झालेच नाही असे समजायचे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने महिनाभर वही लिहिली. चाळीसच्या वर बातम्या पाठवल्या होत्या, निम्म्यासुद्धा लागल्या नाहीत. आणि लागलेल्यांचे पैसे पाचव्या महिन्यात आले, तेही कोणत्या बातमीचे किती हे न सांगता. पेट्रोल वजा घातल्यावर जे उरले ते आमच्या मोंढ्यातल्या हमालाच्या मजुरीशी ताडून पाहिले. हमाल पुढे होता.

हमालाला निदान हातात आकडी लागते, तिची किंमत ती काय? याने कॅमेऱ्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते. लाख-दीड लाखाचा कॅमेरा चार-पाच वर्षांत जुना होतो. आधीचा कॅसेटचा होता, मग कार्डाचा आला, मग अधिक स्पष्ट चित्राचा पाहिजे असे मुंबईहून सांगण्यात आले. प्रत्येक वेळी नवा घोडा. आणि आता काही ठिकाणी सांगतात की कॅमेरा नकोच, मोबाइलवर काढून पाठवा. कर्जाचे हप्ते उरलेले, आणि कॅमेरा कपाटात. मग तो लग्नसराई धरतो, सप्ताहातली कीर्तने चित्रित करतो. आपल्या जिल्ह्यात कीर्तनाला तोटा नाही, म्हणून ही मुले तरली. एकाने मला सांगितले, "काका, बातमी मला ओळख देते, आणि कीर्तन मला भाकरी देते."

आपण म्हणाल, परवडत नसेल तर करतात कशाला? हा प्रश्न मला हमालांच्या बाबतीतही विचारीत असत. याचे उत्तर त्या 'ओळखी'त आहे. बूम हातात असला की तहसीलदार खुर्ची देतो, फौजदार नावाने हाक मारतो, पुढारी खांद्यावर हात ठेवतो. ज्या घरातल्या माणसाला कचेरीत आजवर कोणी बस म्हटले नव्हते, त्या घरच्या मुलाला ही गोष्ट किती मोठी वाटत असेल ते मला समजते. तिला मी हसणार नाही. परंतु पगाराच्या जागी मान देणे ही फार जुनी सरंजामी रीत आहे, आणि मान देणारा तो केव्हाही काढून घेऊ शकतो.

मान काढून घेतला जातो तो प्रसंगाच्या वेळी. ३० ऑक्टोबर २०२३ ला आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावला आणि बीडला जाळपोळ झाली, पुढाऱ्यांची घरे पेटली, संचारबंदी लागली. ती चित्रे आपण घरात बसून पाहिली. ती काढायला कोणी तरी त्या धुरात उभे होते. चित्र काढतो म्हणून जमाव त्याच्यावर धावतो, कारण चित्र म्हणजे पुरावा. आणि पोलीसही त्याला बाजूला लोटतात, कारण तेही चित्रात येतात. तिथे एखाद्याचा कॅमेरा फुटला तर भरपाई कोण देणार? हात मोडला तर दवाखाना कोण करणार? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, आणि पुढे कित्येक आठवडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या गाड्या आपल्या जिल्ह्यात मुक्कामाला होत्या. त्यांतली माणसे काम आटोपून परत गेली. स्थानिक मुलगा इथेच राहतो. ज्याच्याविरुद्ध चित्र दाखवले त्याची माणसे त्याच रस्त्यावर, त्याच चहाच्या टपरीवर त्याला भेटतात. परगावच्या वार्ताहराला न लागणारे धैर्य याला रोज लागते, आणि ते कोणाच्या हिशेबात धरलेले नसते.

कायदा काय म्हणतो, हे आता पाहू. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा मी कचेरीत बसून, शब्दकोश जवळ ठेवून वाचला आहे. तेव्हा वकील मंडळींनी सांभाळून घ्यावे.

१९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. चांगला कायदा होता. त्यात संपादकापासून मुद्रितशोधकापर्यंत सगळे होते, वर्तमानपत्राचा छायाचित्रकारही होता. त्या कायद्याखाली वेतनमंडळे नेमली गेली, आणि मजिठिया मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये उचलून धरल्या. पण हे सगळे वर्तमानपत्रांपुरते. १९५५ साली देशात दूरचित्रवाणी नव्हतीच, तर तिचा कॅमेरामन कायद्यात येणार कुठून? स्थिर चित्र काढणारा पत्रकार ठरला, आणि हलते चित्र काढणारा साठ-पासष्ट वर्षे कोणीच ठरला नाही.

ही उणीव २०२० च्या संहितेने भरून काढली असे सांगण्यात येते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती या विषयावरची ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमे आली आहेत. दृक्-श्राव्य कामगाराचीही व्याख्या आहे. नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे. चारही श्रमसंहितांविषयी आमच्या चळवळीचे जे आक्षेप आहेत ते आहेतच, ते आज उगाळीत नाही. जे चांगले आहे त्याला चांगले म्हणावे. परंतु व्याख्या कितीही रुंद केली तरी दारावर एक शब्द उभा आहे: 'नेमलेला'. अगोदर तू नेमलेला आहेस हे दाखव, मग आत ये. आणि आमच्या मुलाजवळ नेमणुकीचा कागद नाही. कोणाजवळ एक ओळखपत्र असते, त्याची मुदत संपलेली असते. कोणाजवळ नुसता फोनवरचा निरोप. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ साली विधिमंडळात कायदा संमत केला. त्यात दूरचित्रवाणीचा कॅमेरामन स्पष्ट शब्दांत घातला आहे. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तोही नियमित वा कंत्राटावर कामाला असलेला. मार खाताना कोणी कागद विचारीत नाही. फिर्याद देताना विचारतात.

मालक मंडळींचा युक्तिवाद असा असतो की हा माणूस आमचा कामगार नव्हेच. त्याला वेळेचे बंधन नाही, तो दुसऱ्याचेही काम करतो, नगावर पैसे घेतो आणि कॅमेरा त्याचा स्वतःचा आहे; म्हणजे तो स्वतंत्र व्यावसायिक झाला. यातल्या पहिल्या तीन मुद्द्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच उत्तर दिलेले आहे. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस या दुकानातल्या शिंप्यांचा तो खटला. शिंपी नगावर शिवीत, येण्याजाण्याची वेळ सैल, काही काम घरीही नेत. दुकानदार म्हणाला, हे माझे नोकर नव्हेत. न्यायालय म्हणाले, नोकर आहेत. कारण कपडा नापसंत करून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार दुकानदाराचा आहे. आमच्या मुलालाही मुंबईच्या टेबलावरून सांगतात, बाइट नीट नाही, पुन्हा घे. मग हा कोण झाला? मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या खटल्यात शिवणयंत्रे दुकानाची होती आणि न्यायालयाने त्या गोष्टीला वजन दिले. इथे यंत्र मुलाचे आहे. चौथा मुद्दा शिल्लक राहतो.

त्या मुद्द्याला बीड जिल्ह्यातला माणूस एका वाक्यात उत्तर देऊ शकतो. कोयता स्वतःचा असला म्हणून ऊसतोड्या साखर कारखानदार होत नाही. नवराबायकोचा एक कोयता, तो त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला, स्वतः पाजवलेला. कागदावर ती दोघेही कारखान्याची कोणी नव्हेत. तरीही संघटनांनी बैठका घडवून आणल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ झाले, त्यासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये द्यावेत आणि तितकेच शासनाने घालावेत असे ठरले. त्या महामंडळाचे काम कसे चालते याबद्दल मी समाधानी नाही, आणि तसे मी संबंधितांना तोंडावर सांगितले आहे. परंतु नोकरी सिद्ध न करता नगावर, टनावर पट्टी बसवता येते, एवढे तत्त्व त्यातून मान्य झाले.

एक बारीक गोष्ट राहिली, ती चित्राच्या मालकीची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रणाचा हक्क साठ वर्षे राहतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. कोणी पैसे देऊन मुद्दाम करवून घेतले असेल तर हक्क करवून घेणाऱ्याचा. पण मुलाने स्वतःच्या मनाने जाऊन काढलेले, मग पाठवलेले चित्र असेल तर? तिथे सही नाही, कागद नाही. २०१३ च्या दुष्काळात चारा छावणीत घेतलेले एक चित्र पुढच्या दुष्काळात मी पुन्हा पडद्यावर पाहिले; गाय तीच, गळ्यातली घंटासुद्धा तीच. ज्याने ते काढले तो माझ्या शेजारी बसून पाहत होता. त्याला पहिल्या वेळी एकदा पैसे मिळाले होते, दुसऱ्या वेळी नाव नाही की दाम नाही. शिलेदाराचा घोडा त्याचा. म्हणजे कर्ज फेडायच्या वेळी त्याचा, आणि लूट वाटायच्या वेळी सरकारचा!

इतका वेळ मी मजुरीचे गाऱ्हाणे सांगितले. यात तुमचा संबंध काय, असे इथल्या दुकानदारांना, शिक्षकांना, गृहिणींना वाटेल. संबंध आहे, आणि तो बराच निकटचा आहे.

ज्याला बातमी लागली तरच पैसे मिळतात, तो लागणारीच बातमी शोधणार. कोणती लागते? आग, मारामारी, मोर्चा, शिवीगाळ, दसऱ्याच्या मेळाव्यातली गर्दी. ऊसतोड्यांची मुले हंगामात शाळा सोडून फडावर जातात ही बातमी लागायला वेळ लागतो, कारण तिच्यात धूर नाही. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला, शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. असला विषय एका फेरीत चित्रित होत नाही. बाई बोलायला तयार होईपर्यंत चार वेळा तांड्यावर जावे लागते, चौथ्या वेळी कॅमेरा बाहेर काढायचा. चार फेऱ्यांचे पेट्रोल आणि एका बातमीचा दाम. आणि या धंद्यात बाया जवळजवळ नाहीत, मग त्या बाईने बोलायचे कोणाजवळ? तेव्हा बीड म्हणजे नुसती गुंडगिरी, असे चित्र बाहेरच्या जगात झाले आहे म्हणून आपण चिडतो, त्याचे एक कारण या मुलाच्या दरपत्रकात आहे. सगळे कारण आहे असे मी म्हणणार नाही. गुंडगिरी आहेच, आणि ती दाखवलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पेट्रोलचे पैसे वाहिनी देत नाही, तर ते कोण देतो? ज्याची बातमी, तो देतो. पत्रकार परिषद संपली की पाकीट निघते. हा लाच घेतो असे आपण कुजबुजतो, आणि ती चांगली गोष्ट नव्हेच. परंतु धरणातून पाट काढला नाही तर शेतकरी दिसेल त्या नाल्यातून पाणी घेतो, तसे हे आहे. ज्या माणसाच्या डोळ्यांनी सबंध जिल्हा पाहिला जातो त्याच्या मोटारसायकलच्या टाकीत पेट्रोल कोणाचे आहे, हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा राहत नाही.

उपाय काय? मला तो नवा शोधावा लागला नाही. महाराष्ट्राने तो १९६९ साली करून दाखवला आहे. माथाडी कामगारांचेही असेच होते. हमालाचा मालक कोण? सकाळी एक व्यापारी, दुपारी दुसरा, संध्याकाळी ट्रकवाला. प्रत्येक जण म्हणे, हा माझा नव्हे. अण्णासाहेब पाटलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जो लढा दिला त्यातून कायदा झाला आणि त्याने हा प्रश्नच बाजूला सारला. मालक कोण हे ठरवत बसू नका, मंडळ नेमा. मंडळावर शासन, मालक, कामगार तिघेही. मालकाने मंडळाकडे नाव नोंदवावे, हमालानेही नोंदवावे. मजुरी मंडळात जमा व्हावी, तिच्यावर ठरावीक पट्टी मालकाने द्यावी, आणि त्या पट्टीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी व्हावे. शंभर मालकांचा एक कामगार, पण त्याची वही एकच. पुढे १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. तेव्हा हे फक्त ओझे वाहणाऱ्यांचे आहे असे कोणी म्हणू नये.

तसेच मंडळ सुट्या कामावरच्या कॅमेऱ्यासाठी का होऊ नये? वाहिनीने काम सांगितले की त्याची नोंद व्हावी. बातमी ड्रॉप झाली तरी जाण्यायेण्याचा किलोमीटरचा दर आणि निम्मी मजुरी मिळावी. पट्टीतून माणसाचा आणि कॅमेऱ्याचा असा दोन्ही विमा उतरावा. जुने चित्र पुन्हा दाखवले तर त्याची थोडी का होईना रक्कम वहीत पडावी. आणि नोंद झाली की 'नेमलेला' या शब्दाचा पुरावा आपोआप तयार होतो, तो फौजदारापुढेही चालेल आणि न्यायालयातही.

मला सांगतात, असे कराल तर वाहिन्या या मुलांना टाकून देतील. हल्ली रस्त्यावरचा कोणीही फोनवर चित्र काढून फुकट पाठवतो. हा धोका खरा आहे, मी तो झाकून ठेवीत नाही. माथाड्यांच्या वेळी व्यापारी म्हणत, माल दुसऱ्या बाजारात नेऊ. काही माल गेलाही असेल; बाजार मात्र उठला नाहीत. फुकट आलेले चित्र खरे की खोटे, कालचे की पाच वर्षांपूर्वीचे, हे सांगायला गावातला जबाबदार माणूस लागतोच. खोट्या चित्राचा फटका एकदा बसला की वाहिनीचे टेबल सर्वांत आधी त्यालाच फोन करते. त्या फोनचेही पैसे नाहीत, हे जाता जाता सांगतो.

दुसरी अडचण आमच्या मुलांची स्वतःची. त्यांना वाटते, आपण एकमेकांचे स्पर्धक आहोत. मी नाही म्हटले तर तो जाईल. पण प्रत्यक्षात काय चालते? आष्टीला एक जण जातो, चित्र काढतो आणि फोनवरच्या गटात टाकतो. सात-आठ वाहिन्यांची मुले तेच घेतात. दुसऱ्या दिवशी दुसरा परळीला जातो. पेट्रोल वाचवायला त्यांनी हे आपोआप सुरू केले. मी त्यांना म्हटले, बाबांनो, तुम्ही युनियन केव्हाच काढली आहे, फक्त तिला नाव दिलेले नाही. संघ नोंदवण्याच्या अर्जाला सात माणसांच्या सह्या लागतात. तुमच्या गटात त्याहून जास्त आहेत.

या जिल्ह्यात कामगार संघटना म्हटली की लोकांना ते मुंबईचे खूळ वाटते. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या शाळेत येण्यापूर्वी ना. म. जोशींच्या बरोबर कामगार चळवळीत काम करून आले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. असो.

आता जे प्रत्यक्ष चालू आहे ते सांगून थांबतो. गेल्या महिन्यापासून आमच्या कचेरीत आम्ही एक वही छापून ठेवली आहे. साधी आहे. तारीख, कोणी काम सांगितले, कसे सांगितले, निघालो किती वाजता, परतलो किती वाजता, किलोमीटर, बातमी लागली की ड्रॉप, पैसे केव्हा आले. फोनवरचा निरोप पुसायचा नाही, तो जपून ठेवायचा. काही मुलांनी लिहायला सुरुवात केली आहे. दोघांनी आठ दिवसांत सोडून दिली, त्यांच्या मागे मी लागलो आहे. सहा महिन्यांच्या वह्या भरल्या की त्या घेऊन कामगार आयुक्तांच्या कचेरीत जायचे आणि मंडळाची मागणी लेखी मांडायची, असे ठरले आहे. त्या वहीचे काही नमुने मी आणले आहेत, ते चिटणिसांच्या टेबलावर आहेत. ज्यांच्या घरी, गल्लीत, नात्यात असे काम करणारा मुलगा असेल त्यांनी एक घेऊन जावी. किंमत नाही. प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने विचारावेत. मी शेवटच्या गाडीने जाणार आहे, तिला अजून वेळ आहे.